बंकटची ओळ

"एवढं त्या डब्ब्यात कोंबण्यापरीस भिंतीवर खडूनं लिवलं असतं, तर भिंतीनं इमानदारीत दाखवलं तरी असतं," नीलाबाई लसूण सोलत पुटपुटल्या. दुकानाच्या काउंटरमागं त्यांची सून वर्षाराणी बसली होती. तिनं ऐकलं अन् सोडून दिलं.

पटो न पटो, हे घडलंय. सिरसाळ्यात, २००४ च्या डिसेंबरात, भर दुपारी. वर्षाराणी माझी मावसबहीण. ती खोटं बोलत नाही. तिला तेवढी सवडच नाही.

नवरा राजेश्वर शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचा. कुणाकडं कधी जायचं, ते वर्षाराणी कंप्युटरवर ठेवायची. प्रोग्राम नुसत्या अक्षरांचा. गावागावाची वेगळी फाइल, अन् रोज सकाळी सगळ्या फाइलींतून वेचून काढलेली कामांची एक यादी.

यादीतल्या प्रत्येक ओळीमागं एक न दिसणारी खूण असते. मूळ नोंद कुठल्या फाइलीत, कुठल्या अक्षरापाशी आहे, ते ती धरून ठेवते; ओळीवर एंटर दाबलं की कर्सर थेट तिथं जातो. वर दहा नोंदी घुसवा, खूण आपल्या नोंदीबरोबर खाली सरकते. पाट सरकवला तरी बसलेला माणूस तोच, तसं. अन् नोंदच खोडली, तर खूण खालच्या नोंदीच्या तोंडाशी येऊन थांबते. बरोबर खुणेपाशीच नवी नोंद लिहिली, तर खूण हलत नाही; त्या नव्या नोंदीची होते. यादी नव्यानं काढली की जुन्या खुणा जातात. कोड वाचून वाचून हे ती आपलं आपण शिकली होती.

त्यात एक नोंद होती, बंकट नावाच्या शेतकऱ्याची, मोटार चालू करायच्या स्टार्टरच्या पेटीबद्दल. "पेटीला करंट येतो."

तीनदा तिची तारीख पुढं गेली. दर वेळी सुंदररावांचा माणूस गाडी घेऊन दारात. पुढाऱ्याला नाही कोण म्हणतं?

चौथी तारीख यायच्या आत बंकट पेटीला चिकटून गेला.

घरात त्यावर कुणी बोललं नाही.

वर्षाराणीनं नोंद खोडली. यादी नव्यानं काढली.

ओळ तिथंच होती...

"बंकट. पेटीला करंट येतो."

तिनं एंटर दाबलं. कर्सर उडी मारून खालच्या नोंदीवर थांबला.

सुंदरराव.

तिसऱ्या दिवशी सुंदररावांचा फोन आला. आवाज बसलेला.

"वैनी, हात भाजला. पेटीला बोट लागलं अन् फेकलो गेलो."

"मेन बंद नव्हता केला?"

"लाईटच नव्हती, वैनी... लोडशेडिंग हुतं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "माझं नाव काढा तुमच्या यादीतनं."

तिनं काढलं. हात सवयीनं चालला; विचार मागून आला.

सुंदररावांच्या खाली कुणाची नोंद होती?

बंकटच्या ओळीवर तिनं एंटर दाबलं...

"घरची विहीर. पेटी बघणे. राजेश्वर."

आजची तारीख.

राजेश्वर सकाळीच शेतात गेलता.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. समोरची गिरणी थांबली. कंप्युटर तेवढा बॅटरीवर चालू.

फळीवर बंकटची जुनी मोटार होती, कधीची दुरुस्तीला आलेली. उघडलेली. आतली तांब्याची तार काढून टाकलेली.

ती घुमायला लागली...

नीलाबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी मुठीत धरलं.

"वर्षा, बंद कर ते!"

"कुठनं बंद करू, आत्याबाई? चालूच न्हाई ते!"

शेत कोसभर. धावून काय उपयोग? तिनं कर्सर होता तिथंच बोटं ठेवली अन् बंकटची नोंद परत लिहिली. गाव. पेटी. करंट. तारीख, आजची. मग यादीतल्या बंकटच्या ओळीवर एंटर दाबलं. खूण आता बंकटवर होती.

मोटार थांबली.

ती नोंद वर्षाराणीनं अजून खोडलेली नाही. कंप्युटर तीनदा बदलला. मी तिच्याकडं गेले की त्या खोलीत बसत नाही.

त्या दिवशी तासाभरानं राजेश्वर आला. पाणीही न पिता उंबऱ्यात बसला.

"पेटीला हात घालणारच हुतो... पाठीमागनं कुणीतरी म्हणलं, आधी माझी बघ."

"कुणी?" वर्षाराणीनं विचारलं, उगाच.

तो नखानं उंबऱ्याची माती उकरत राहिला.

"गप कावून हाय, राजा?" नीलाबाई म्हणाल्या. "आवाज तुला वळखीचा हाय. तीनदा पाळी ढकलली त्याची. तारीख हिनं बदलली, सांगितली तू, अन् मी हितंच बसून ऐकली. करंटनं न्हाई गेला तो. आपण मारला."