डब्यावरचं छप्पर

यतीन पाटील खरं तर शेजारच्या दातांच्या दवाखान्यात आला होता. तिथला फोन दुरुस्त करून तो जिन्याकडे वळला, तेवढ्यात रसिका दारात आली. हातात रिसीव्हर, त्याची वायर ताणून उंबऱ्यापर्यंत आलेली.

"तुम्ही फोनवाले ना? हे जरा ऐका."

त्यानं कानाला लावला. आत नुसती खरखर.

"मॅडम, हा फोन आहे की भजी तळताय?"

रसिका हसली नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनचं ते सर्व्हिस सेंटर, तक्रारींचे फोन तीच घ्यायची. अर्धं भाईंदर पश्चिम तिला आवाजावरून ओळखायचं आणि त्याच आवाजावर ओरडायचं. "मेसेज ठेवला होता, कुणी आलं का नाही?" मेसेज यायचे, पण असे — "हॅलो, मोरव्यातून बोलतोय, आमच्या मशीनमधून पा..." आणि टुक. पुढे काही नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर आईनं हाक मारली तरी तिला दचकायला व्हायचं.

त्यानं भिंतीवरचा डबा उघडला, पुसला, वायरी घट्ट केल्या. ऑफिसभरचे फोन आणि व्हॉइसमेल त्या डब्यातूनच चालायचे. मग तो जिन्यात गेला आणि मोबाइलवरून टेस्ट मेसेज ठेवला. दोन दिवस सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी खरखर परत.

तो परत आला. मग परत. प्रत्येक वेळी जिन्यातून एक मेसेज.

"टेस्टिंग. मॅडमच्या डब्यात आज मेथी आहे. वास खालच्या मजल्यापर्यंत येतोय, आणि मी मुर्धा गावचा माणूस, मला सुक्या बोंबलाशिवाय..." टुक.

"टेस्टिंग. मॅडम आज एकदा हसल्या. कुणावर ते कळलं नाही. माझ्यावर असेल तर..." टुक.

गिऱ्हाइकांचे मेसेज रसिका ऐकून पुसायची. हे पुसायचे राहून जायचे. असेल तर काय, हे ती भाजी निवडताना कधीकधी स्वतःच पूर्ण करून बघायची. मग कंटाळून सोडून द्यायची.

एक दिवस जयकुमारशेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. बोलताना टेबलाकडे बघत होता.

"रसिकाबेन, एक तारखेपासून सगळी कंप्लेंट ॲपवर. फोन चालतच नाय, तर फोनवर माणूस कशाला? तुमी पण दुसरीकडे बघून ठेवा."

ती जागेवर येऊन बसली. रडू आलं नाही, फक्त खूप झोप आल्यासारखं वाटलं. पण केमिस्ट्रीची पदवी घेतलेलं डोकं आपलं काम करत राहिलं. खरखर सकाळी जास्त, दुपारनंतर कमी. मंगळवारी सगळ्यात वाईट. पाऊस असो नसो. मग मंगळवारी इथं वेगळं काय होतं?

तिनं वर पाहिलं. डब्याच्या बरोबर वर गणपतीची फळी. वास्तूप्रमाणे देव ईशान्येलाच हवा, असं शेठचं म्हणणं. आणि डबाही त्याच कोपऱ्यात. रोज सकाळी ती बाप्पाला फुलं वाहायची, मंगळवारी दूर्वांची जुडी, जास्वंदीचा हार. सगळं धुऊन, ओलंच.

तिनं स्टूल ओढलं आणि डब्याचं झाकण काढलं.

आत, सर्किट कार्डाच्या वर, दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक होतं. कौलासारखं उतरतं बसवलेलं, कडा नीट दुमडून टेपनं चिकटवलेल्या. त्याच्यावर दुसरं, जरा मोठं. त्याच्यावर तिसरं. आणि एक थेंब वायरीवरून घसरत, सगळी छपरं चुकवून आत चालला होता.

तिनं त्याला फोन केला, आपल्या मोबाइलवरून.

"तुम्हाला माहीत होतं."

"दुसऱ्याच वेळी कळलं," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"डबा हलवायचा तर शेठला कारण सांगायला लागतं. काय सांगू? रसिका मॅडमनी पाणी घातलं? म्हटलं, छप्पर करून भागेल. न्हाय भागलं."

"माझी नोकरी चालली आहे, यतीन."

"काय?" त्याचा आवाजच बदलला. "हे... हे मला ठाव न्हाय."

ती रागवायला निघाली होती. पण हातात, डब्यातून काढलेलं, ते टेपचं नीटस काम होतं, आणि इतक्या काळजीनं आपली चूक कुणी झाकल्याचं तिला आठवत नव्हतं.

ती केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. पाणी मीच सांडत होते, म्हणाली. शेठ बाहेर आले. डब्याकडे पाहिलं, मग बाप्पाकडे, आणि हात जोडले.

"देव इथं मी बसवला. ओली फुलं वाहा, असं पण मीच बोललो." ते मान खाजवत राहिले. "डबा हलवा. एक महिना चालला, तर ॲपचं राहू दे, तुमी इथंच राहा. नाय चालला तर मग बघू."

दुपारी यतीननं डबा समोरच्या भिंतीवर बसवला. मग तो नेहमीप्रमाणे जिन्यात गेला. लाल दिवा लागला, विझला. रसिकानं बटण दाबलं.

"टेस्टिंग. रसिका... आता हा डबा बिघडायचा न्हाय. मग मी यायचं कशासाठी, याचा विचार करतोय. मला तर यायचं हाय. तुम्हाला चालत असेल, तर..."

ती सवयीनं टुक ऐकायला थांबली. टुक आलंच नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, खालच्या रिक्षाचा हॉर्न, जिन्यातून कुणाची तरी चप्पल. तो बोलत नव्हता आणि फोन ठेवतही नव्हता.

ती दारात गेली. तो पायरीवर बसला होता, हातात मोबाइल.

"मेसेज पूर्ण आला," ती म्हणाली.

"मग?"

"उद्या मंगळवार. सकाळी मार्केटमधून हार आणते मी."

तो पायरीवरून उठला.

"कुणीतरी सोबत हवं," रसिका म्हणाली. "फुलं नीट झटकून घ्यायला."