बोटभर जागा

दिवा बारीक करा. आणि मधे कोणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो.

मी तेव्हा शहराच्या उद्यान खात्यात पाण्याचा टँकर चालवायचो. आमच्या रोपवाटिकेत दोन माळी होते, एकमेकांचे साडू. थोरला रोप आधाराच्या लोखंडी नळीला तारेनं करकचून बांधायचा, म्हणून आम्ही त्याला तारवाला म्हणायचो. धाकटा आपल्या जुन्या निळ्या चौकड्याच्या शर्टाच्या खालच्या कडेच्या पट्ट्या फाडून बांधायचा आणि प्रत्येक गाठीत बोट घालून बघायचा.

"बोटभर जागा ठेवा दादा, झाडाला जाड व्हायचंय," एवढंच म्हणायचा.

धाकट्याची झाडं तरारायची, तारवाल्याची रडतखडत वाढायची. सासू उठता-बसता धाकट्या जावयाचं कौतुक करायची. तारवाल्याची बायकोसुद्धा म्हणायची, "माझ्या बहिणीनं नशीब काढलं." त्याचा नुसता जळफळाट.

मग धाकटा तापानं गेला. अंगात तोच निळ्या चौकड्याचा शर्ट होता, त्याच शर्टात त्याला पोचवलं. खांदा मीही दिला.

वाटलं, आता तरी हा शांत होईल. छे! दोन महिन्यांनी मोठ्या चौकासाठी झाड निवडायचं निघालं. वाऱ्याला टिकेल, मुळांनी फुटपाथ उखडणार नाही, म्हणून बकुळ ठरली. साहेब सकाळी येऊन एक रोप निवडणार, खाली माळ्याच्या नावाची पाटी लागणार. चौकात शोभतील अशी उंच रोपं दोनच. एक तारवाल्याचं, एक गेलेल्या साडूचं. साडूचं सरस होतं, कोणालाही दिसत होतं.

"मेला तरी माझ्या पुढेच!" तारवाला मला म्हणाला. तोंडानं हसत होता, पण नजर काही बरी नव्हती.

बारा मार्च, मंगळवार. रात्री पावणेबाराला तो पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला रोपवाटिकेत गेला. पाळी त्याचीच होती. व्हॉल्व्ह बंद केला आणि साडूच्या रोपापाशी आला. शेंडा मोडलेलं रोप चौकात कोणी लावत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कट्.

मोडला शेंडा. मग... पाणी.

झारीचं पाणी. शेजारच्या ओळीत. हळूहळू.

व्हॉल्व्ह तर बंद होता...

त्यानं बॅटरी मारली. कोणी नाही. झारी खिळ्याला टांगलेली. हलत होती.

"कोण आहे?"

...

पावलं आली. ओल्या मातीतली. तारवाल्याच्या स्वतःच्या रोपापाशी थांबली.

तार तुटली. कापड फाटल्याचा आवाज. एक वेढा... दुसरा...

मग कोणीतरी त्याचा हात धरला. गार हात. खोडापाशी नेला. त्याचं बोट धरलं... आणि गाठीत घातलं.

पळाला तो थेट माझ्या दारात आला. बोटाला ओली माती. हे सगळं त्यानंच मला सांगितलं.

सकाळी साहेबांनी शेंडा मोडलेलं रोप बाजूला सारलं आणि तारवाल्याचं निवडलं. त्याच्यावर तार नव्हती. निळ्या चौकड्याची पट्टी होती.

पाटी तारवाल्याच्या नावाची लागली. पण खात्यातला कोणीही तिथून गेला की पट्टी बघून विचारायचा, "धाकट्याचं का हे झाड?" तारवाला मला म्हणायचा, "माझं होतं तेही त्यानं माझं राहू दिलं नाही." शेवटपर्यंत जळत राहिला बिचारा. त्यालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

खोड आज माझ्या मांडीएवढं झालंय. पट्टी तीच आहे. कोणी सोडली नाही, कोणी बदलली नाही, मी विचारलंय सगळ्यांना.

उद्या चौकातून जाल तेव्हा बघा. अजून तिच्यात बोट जातं.