त्याच्या प्रार्थना, माझं अक्षर

त्या गुरुवारी बैठकीला उशिरा आला तो एकटाच, आणि रिकामी होती ती माझ्या शेजारची एकच खुर्ची. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. डाव्या हातात ओली छत्री, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि काखेत वही. बसता बसता छत्री पडली, वही पडली आणि प्लास्टर माझ्या कोपरावर आपटलं.

"सॉरी... लागलं का?"

"नाही," मी कोपर चोळत म्हणाले.

"मग चोळताय कशाला?"

मला हसू आलं. एरवी अनोळखी माणूस शेजारी बसला की मला घाम फुटतो.

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी ही प्रार्थनावहीची बैठक असते. पाळककाकू, म्हणजे आमच्या पाळकांच्या पत्नी, एक वचन वाचतात. मग अर्धा तास ज्याने त्याने आपापल्या वहीत देवाशी बोलायचं. शेवटी वाटलं तर एक ओळ वाचून दाखवायची, नाहीतर "पुढे" म्हणायचं. मी कायम "पुढे". माझ्या वहीत वाचण्यासारखं असतं तरी काय? गॅस बंद केला होता का, दुकानात त्या आजोबांच्या चष्म्याला काच बरोबर बसवली का, दादाचा फोन का आला नाही. दादा मला काळजीबाई म्हणतो. "तुझी वही वाचून देव कपाळाला बाम लावत असेल," असंही म्हणतो.

शेजारच्याचं स्वतःचं सलून होतं. बल्ब बदलताना तो स्टुलावरून पडला आणि मनगट मोडून बसला. "वही तर आणलीय काकू, पण लिहू कशाने?" त्याने विचारलं. काकूंची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"हिचं अक्षर मोत्यासारखं आहे. तू सांग, ही लिहील. चहाच्या खोलीत बसा, म्हणजे इथे कुणाला त्रास नको. दार मात्र उघडं ठेवा."

माणूस देवाशी बोलणार आणि मध्ये मी... हे बरं दिसतं का? पण काकूंना नाही म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नाही.

"प्रभू," तो डोळे मिटून सांगू लागला, "आज अक्षर वेगळं दिसेल. घाबरू नकोस, मीच आहे."

मी खुदकन हसले.

"हेही लिहा," तो डोळे न उघडता म्हणाला. "त्यालाही कळू दे, इथे कोण हसतंय ते."

मग प्रत्येक गुरुवारी तो सांगत गेला, मी लिहीत गेले. त्याच्या प्रार्थनेत तक्रार कमी आणि माणसं जास्त. कात्रीला घाबरून रडणारी छोटी मुलगी. केस विरळ झाले म्हणून आरशात न बघणारे मास्तर. आईचा खोकला. कधीतरी अगदी हळू आवाजात, "प्रभू, माझी बोटं आखडू देऊ नकोस." तेव्हा मला त्याच्या बोटांवर नुसता हात ठेवावासा वाटायचा. आणि मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो देवाचा. देवाला तो 'तू' म्हणायचा, मला आपलं 'तुम्ही'.

एका गुरुवारी जाता जाता तो म्हणाला, "पुढच्या बुधवारी प्लास्टर निघणार. सुटलात तुम्ही."

सुटले? माझा जीव टांगणीला लागला. हात मोकळा झाला की तो खोलीत सगळ्यांबरोबर बसून लिहिणार. मग माझं काय काम? त्या बुधवारी दुकानात जेवणाच्या सुट्टीत मी वही काढली आणि भान सुटल्यासारखं लिहून बसले: 'प्रभू, त्याचं प्लास्टर इतक्यात निघू नये.' लगेच खोडलं. पण खोडलेलं देवाला वाचता येत नाही, असं थोडंच आहे?

गुरुवारी तो आला. प्लास्टर तसंच होतं, चेहरा मात्र उतरलेला.

"हाड जुळलं नाही," तो म्हणाला. "अजून तीन आठवडे. तेव्हाही नाही जुळलं तर ऑपरेशन. कात्री धरता येईल की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाहीत."

मला ती खोडलेली ओळ आठवली. मी पेन उघडलं.

"प्रभू, सगळ्यांनी माझ्या हातासाठी प्रार्थना केली. तरी हाड जुळलं नाही. याला कारण..." तो अडखळला.

"याला कारण मी आहे," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले. "हे तर मी म्हणणार होतो."

"नाही, मीच. प्लास्टर निघू नये अशी प्रार्थना केली मी. खोडली, पण केली." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "हात बरा झाला की तुम्ही स्वतः लिहाल. मग मी कोण? मला तुम्ही आवडता... झालं. आता काय रागवायचं ते रागवा."

पलीकडे खोलीत कुणीतरी पान उलटलं. त्याने प्लास्टरकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी बजावलं होतं, मनगटावर जोर देऊ नका," तो म्हणाला. "आणि मी रोज सकाळी सलून आतून बंद करून याच हाताने लिहायला बसायचो. काल त्यांना सांगितलं, तर मला झाडलंच त्यांनी."

"पण कशासाठी? मी होते ना लिहायला."

"एक प्रार्थना तुम्हाला सांगता येत नव्हती." त्याचे कान लाल झाले. "जिच्यासाठी करायची, तिलाच कशी लिहायला सांगू?"

मला ऐकू आलं ते खरं मानायला जरा वेळ लागला. मग मी डोळे पुसले आणि पेन उचललं. "आता सांगा. आणि तो हात मांडीवर ठेवा. अजिबात हलवायचा नाही."

"प्रभू," तो म्हणाला. या वेळी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत होता. "इथे एक मुलगी बसते. ती साऱ्या जगाची काळजी करते आणि तिची कुणी करत नाही. ते काम मला दे."

मोत्यासारखं अक्षर ओळीवर टिकेना.

बैठक संपायला थोडा वेळ होता. तेवढ्यात मी माझ्या वहीत एक ओळ लिहिली. मग आम्ही खोलीत जाऊन बसलो. त्याची पाळी आली, तो घाईघाईने "पुढे" म्हणाला. माझी आली, तेव्हा काकू सवयीने पलीकडे बघू लागल्या होत्या.

"मी वाचते," मी म्हणाले. "प्रभू, त्याचा हात लवकर बरा कर."

या वेळी खोडावंसं वाटलं नाही. सगळे "आमेन" म्हणाले, आणि माझ्या शेजारचा सगळ्यांत मोठ्याने.