खांद्यावरचं बोट

शंतनू, हीटर जरा वाढव रे. फॅक्टरीच्या गेटवर उभं राहून हाडं गारठली. समोरून तुझ्या गाडीचा नंबर वाचला आणि डोकं खाली घालून सरळ आत शिरलो, हॅलोसुद्धा म्हटलं नाही. रोज लिफ्ट देतोस, पण एकदाही विचारत नाहीस, की भास्कर, खिशात लायसन्स असून तू गाडी का चालवत नाहीस? घरी बायकोला, वीणालाही मी हे सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात. मला देवाने साखर थेट रक्तातच दिली. गेल्या वर्षी ती डोळ्यांपर्यंत पोचली आणि लेझर करावं लागलं. मधली नजर वाचवायची म्हणून पडद्याच्या कडा जाळतात. वाचली खरी. समोरचं लख्ख दिसतं, बाजूचं मात्र गेलं. आत्ता तू माझ्या उजवीकडे बसला आहेस, पण मान वळवल्याशिवाय मला दिसत नाहीस.

मग लायसन्ससाठी नजरेची टेस्ट आली. नापास झालो असतो तर गाडी गेली असती, आणि गाडीबरोबर नोकरीही. पहाटेच्या शिफ्टला डँडेनॉन्गच्या या टोकाला बस कुठून येणार? टेस्ट घेणारा मिहिर, आपला ठाण्याचा मुलगा. खोलीत अंधार, हनुवटी मशीनवर, नजर मधल्या ठिपक्यावर. बाजूला कुठे दिवा चमकला की बटण दाबायचं. मला काही म्हणजे काही दिसेना. इतक्यात डाव्या खांद्यावर हलकंच बोट लागलं. टप. मी बटण दाबलं. मग उजव्या खांद्यावर. टप. मनात म्हटलं, शाब्बास पोरा, शेवटी आपला माणूस तो आपलाच. धडाधड बटण दाबत सुटलो आणि पास झालो!

काय आनंद झाला सांगू! आमची ओवी तर बघतच राहिली. "बाबा, यू ॲक्चुअली पास्ड?" शनिवारी फॉस्टर स्ट्रीटवरच्या आपल्या देशी दुकानातून पेढे घेतले, मिहिरच्या हातात ठेवले आणि हळूच म्हटलं, "तुझ्या बोटाने माझी नोकरी वाचवली."

"कुठलं बोट, काका? मी तर पलीकडे स्क्रीनपाशी होतो."

"अरे, माझ्या मागे उभा राहून..."

"मागे कोण उभं राहणार? तुमची खुर्ची भिंतीला टेकलेली होती."

घाबरलो, नाही असं नाही. पण खरं सांगू? त्याहून जास्त हुरूप आला. आपल्याला राखणदार मिळाला! परत येताना राउंडअबाउटपाशी डाव्या खांद्यावर टप. ब्रेक मारला आणि स्कूटरवरची एक पोरगी बॉनेटसमोरून सटकन निघून गेली. गाडीत मी एकटाच, पण मोठ्याने "थँक्यू, मेट" म्हणालो आणि हसत सुटलो.

पुढे गोदामांचा सरळ रस्ता. शनिवारची दुपार, सगळं बंद, चिटपाखरू नाही. उजव्या खांद्यावर टप. मान वळवली, काही नाही. डाव्या खांद्यावर टप. काही नाही. मग उजव्या, डाव्या, उजव्या... अगदी टेस्टमध्ये झालं तसं. गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि चालत घर गाठलं. ते बोट खोटं बोलत नाही, शंतनू. दिवा होता. पोरगी होती. मग त्या रिकाम्या रस्त्यावर माझ्या दोन्ही बाजूंना काय होतं?

त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि बोटही पुन्हा आलं नाही. तू शेजारी असलास की मी निर्धास्त असतो. एरवी तुझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, आज मात्र भलताच गप्प आहेस. माझ्या गोष्टीने टरकलास की काय?

आणि हे काय, वळण मागे राहिलं ना आपलं? समोर तर गोदामं दिसतायत... तो रस्ता...

हीटर लावलास ना? उजवीकडून गार येतंय.

शंतनू... आत्ता टप झालं. उजव्या खांद्यावर.

तुझ्या बाजूला.

मला मान वळवायला लावू नकोस. नुसतं एकदा काहीतरी बोल...