गवताला चेहरा नसतो

सर्र... टक. सर्र... टक.

माझ्या लहानपणीचा हा आवाज. प्रेमाताई चालायची तेव्हा तिचा अधू पाय आधी फरशीवर घासत यायचा, मग चपलेची टाच टेकायची. वाकोल्याच्या चाळीत आमची खोली गॅलरीत सगळ्यात शेवटची. ताई बटणांच्या कारखान्यातून सुटली की मी आवाजावर कान ठेवून बसायचो. तिने कडी वाजवायच्या आधी दार उघडायचं, हा माझा मान. ती आत यायची. माझ्या डोक्यावर हात ठेवायची, मग चपला काढायची. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं.

एके दिवशी ती वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला गेली, ती परत आली नाही. बोटवाल्यांना ती आठवत नव्हती. बारा वर्षं वाट पाहून वडिलांनी गावी, आमच्या रिवाजाप्रमाणे, गवताची बाहुली केली आणि ताई म्हणून तिला अग्नी द्यायला लावला. अग्नी मीच दिला. घरात ताईचा एकही फोटो नव्हता. तेव्हापासून तिचं तोंड आठवायला गेलो की डोळ्यांपुढे ते गवत येतं. गवताला चेहरा नसतो.

गेल्या महिन्यात माधुरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. माधुरी म्हणजे आमच्या चाळीतल्या बाळा नावाच्या शेजाऱ्याची मुलगी. बाळा गोरेगावच्या स्टुडिओत फोटोग्राफरच्या हाताखाली होता. रोलमध्ये उरलेली फिल्म तो घरी आणून आम्हा शेजाऱ्यांवर संपवायचा. तो आता नाही. डब्यात त्याच्या निगेटिव्ह होत्या.

माझी मुलगी रेवती म्हणाली, मी स्कॅन करते. तिच्याकडे तो आडवा, पाटासारखा स्कॅनर आहे. झाकणातही दिवा असतो, त्यामुळे फिल्ममधून उजेड आरपार जातो.

"बाबा, तुम्ही नुसतं बसायचं हां. सारखं 'ही कोण, तो कोण' करायचं नाही," ती हसत म्हणाली.

दुपारची वेळ. तिने पडदे ओढले आणि एक तुकडा काचेवर ठेवला. झाकण बंद झालं. आत उजेड सरकू लागला.

सर्र... टक.

मी दचकलो. रेवती म्हणाली, मशीन जुनं झालंय, करतं असं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमची गॅलरी आली. जवळच्या दारात अर्ध्या चड्डीतला एक मुलगा. तो मीच. आणि पार टोकाला, जिन्यापाशी, एक बाई. चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा. पण उभं राहताना सगळा भार एकाच पायावर.

"ताई," मी म्हटलं.

रेवतीला सगळं माहीत होतं. तिने माझा हात दाबला. मग म्हणाली, फिल्म उलटी लागलीय, तुमचं दार डावीकडे होतं ना? तिने तुकडा पालटला. पुन्हा तो आवाज.

दार डावीकडे आलं. बाई मात्र आता गॅलरीच्या मध्यावर होती, पाण्याच्या पिंपाजवळ.

"मघाशी ती जिन्यापाशी होती ना गं?"

रेवतीने दोन्ही चित्रं शेजारी लावून पाहिली. पुढचा फोटो आला असेल म्हणून फिल्म काढून खिडकीशी धरली. त्या तुकड्यावर एकच फोटो होता.

धूळ असेल असं काहीतरी पुटपुटत तिने फिल्म पुसली आणि परत लावली. या खेपेला बाई मुलापासून दोन दारांवर आली होती. मान खाली, केस तोंडावर. खोलीत खाडीच्या चिखलाचा वास सुटला. रेवती उठून मोरी बघून आली. मोरी कोरडी होती.

"बाबा, बंद करूया... बास झालं."

"एकदाच. आता वर बघेल ती. मला तोंड बघू दे गं तिचं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

गॅलरी रिकामी होती. दारात एकटा मुलगा, कुणाकडे तरी मान वर करून बघत होता. मशीनमधला दिवा विझला. आवाज थांबला नाही.

सर्र... टक.

तो आमच्या फ्लॅटबाहेरून येत होता. लिफ्टच्या बाजूने, दाराकडे. रेवतीने माझा सदरा घट्ट धरला. तरी मी गेलो. बेल वाजायच्या आधी दार उघडलं.

ताई उभी होती. पण निगेटिव्हवर असावी तशी, काळं-पांढरं उलटं. केस पांढरेशुभ्र, चेहरा काळा, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. तोंड काही केल्या दिसेना.

"ताई... मी दशरथ. इकडे बघ ना गं."

तिने मान वर केली नाही. तिचा हात माझ्या कमरेपाशी आला आणि हवेतच थांबला. डोक्यावर तळवा टेकतो तसा. बोटं हळूहळू हलली, केसांतून फिरल्यासारखी.

मग ती बोटं मिटली, जसा कुणाचा लहान हात धरावा.

माझ्या गुडघ्याला काहीतरी गार घासून गेलं. घरातून बाहेर. उंबऱ्यापलीकडे छोट्या अनवाणी पावलांचा आवाज झाला.

ताई वळली. सर्र... टक. आणि तिच्या बरोबरीने, मागे पडू नये म्हणून धावणारी ती पावलं. मी हाका मारत राहिलो. जिन्यापाशी ती एकदा थांबली, अर्ध्या चड्डीतल्या त्या मुलाला पायरी उतरता यावी म्हणून. मग त्याला घेऊन निघून गेली.