उजवीकडचं दार

माझ्यावर विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. नका ठेवू, म्हणजे मलाही जरा बरं वाटेल. पण हे घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या खोलीत.

तुम्हाला अमावस्येची रात्र वगैरे हवी असेल तर ती नाही. रविवारची दुपार होती. खिडकीतून ऊन येत होतं आणि खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं.

आधी माझ्याबद्दल थोडं. दिवसा मी लोकांच्या स्वयंपाकघरांचे ओटे आणि कपाटं कॉम्प्युटरवर काढून देते. उरलेल्या वेळात विमानं बनवते. खरी नाही, विमान उडवायच्या गेममधली. पण अशी, की खऱ्या विमानातला बारीकसा स्क्रूसुद्धा जागच्या जागी दिसला पाहिजे. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

हे विमान मात्र मी मामांसाठी करायला घेतलं.

मामा फ्लाइंग क्लबमध्ये शिकवायचे. दोन सीटांचं छोटं विमान. शिकणारा डावीकडे, मास्तर उजवीकडे. त्यांचा एक विद्यार्थी होता, अंगाने नुसती काडी. मामा त्याला बारक्या म्हणायचे.

शिकणारा तयार झाला, की एक दिवस मास्तर विमानातून खाली उतरतो आणि त्याला एकट्याला एक चक्कर मारायला पाठवतो. तशी पद्धतच आहे. त्या दिवशी मामा उतरले. बारक्या एकटा गेला.

धावपट्टीकडे येतानाच्या शेवटच्या वळणावर नाक वर राहिलं, वेग मेला आणि विमान कोसळलं.

चौकशीत मामांची काही चूक निघाली नाही. पण त्यानंतर मामा विमानात बसले नाहीत. गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. मामी रडकुंडीला आली होती. मला म्हणाली, "तू त्यांना विमानाचं काहीतरी विचारत राहा गं. तुझ्याशी बोलतील."

म्हणून मी तेच विमान बनवायला घेतलं. क्लबमध्ये त्याच जातीचं दुसरं होतं. त्याचे फोटो काढले, इंजिनाचा आणि दाराचा आवाज रेकॉर्ड केला. या विमानाला दार एकच, उजवीकडे. शिकणाऱ्याने आधी आत शिरायचं, मागून मास्तरने. उतरताना मास्तर आधी.

विमान दिसायला झकास झालं, पण ते उडतं कसं हे मामांशिवाय कोण सांगणार? महिनाभर डोकं खाल्लं त्यांचं. शेवटी आले एकदाचे. टेबलासमोर बसले, जॉयस्टिक हातात घेतली, पाय खालच्या पॅडलवर ठेवले आणि चिडले. मी त्यांना डावीकडच्या सीटवर बसवलं होतं ना.

मग मी स्क्रीनवरचा देखावा उजव्या सीटवरून दिसेल असा केला. उजव्या सीटवर मामांचं वजन टाकलं. डाव्या सीटवर शून्य.

मामांनी विमान वर नेलं. दोन चकरा मारल्या.

मग म्हणाले, "चुकलंय तुझं काहीतरी. मी एकटा उजवीकडे बसलोय, तर विमान उजवीकडे थोडं झुकायला हवं. हे सरळ चाललंय."

मी आकडे तपासले. बरोबर होते. आठवडाभर हिशेब परत परत केला, पार हात टेकले.

पुढच्या रविवारी... पुन्हा तेच.

विमान अगदी सरळ. कोणीतरी डावीकडे बसल्यासारखं.

आणि मग डाव्या स्पीकरमधून आवाज आला...

खट्.

मी मामांकडे पाहिलं. मामा स्क्रीनकडे पाहत होते.

"पट्टा लावला त्याने," ते म्हणाले.

पट्ट्याचा आवाज मी रेकॉर्डच केला नव्हता. आजतागायत केलेला नाही.

मी म्हटलं, मामा, आज राहू दे. त्यांनी ऐकलं नाही. विमान धावपट्टीवर उतरवून परत सुरुवातीला आणलं. मग जॉयस्टिक सोडली. पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली.

"चल," ते हळूच म्हणाले. मला नाही.

इंजिनाचा आवाज वाढला.

विमान धावायला लागलं. धावताना हे विमान डावीकडे ओढतं, ते उजव्या पायाने सावरायचं असतं. नाक डावीकडे गेलं... आणखी डावीकडे... मग स्क्रीनवरचं उजवं पॅडल कचकन दाबलं गेलं आणि नाक सरळ झालं.

मामा हसले. किती तरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "उजवा पाय कायम उशिरा. किती वेळा सांगितलं गाढवाला."

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी मामांचं हसू पाहून रडूही आलं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येणार नाही.

मग मामा रोज संध्याकाळी यायला लागले. मांडी घालून बसायचे आणि शिकवायचे. रिकाम्या सीटला. मी मागे पलंगावर, पाय पोटाशी घेऊन. मामी खूश. हल्ली नीट जेवतात, म्हणायची. तिला काय सांगणार? एकदा हे विमान पुसून टाकते, असं मी मामांना म्हणाले. त्यांनी माझा हात धरला.

"एकदा उतरू दे त्याला. एकदाच. मग काय हवं ते कर."

तो रविवार आला. दुपारच होती.

मामा म्हणाले, "आज मी उतरतो." त्यांच्या सांगण्यावरून मी उजवं दार उघडलं. मामांचं वजन काढून शून्य केलं. देखावा बाहेरचा लावला, धावपट्टीच्या कडेला उभं राहून दिसेल तसा. मग माझ्या हाताने जॉयस्टिकची आणि पॅडलची वायर काढली. म्हणजे आता कोणाचाच हात नव्हता.

दार बंद करायचं बटण मी दाबणारच होते...

दार आतून बंद झालं.

विमान निघालं. उजवा पाय उशिरा, तरी जमीन सुटली. वर गेलं, लांब गेलं, ठिपका झालं. मामा खुर्चीतून उठून उभे होते. ठिपका वळला. पुन्हा वळला.

शेवटचं वळण.

इंजिनाचा आवाज बारीक झाला...

खालची स्कूटर, नळाचं पाणी, सगळं ऐकू येईनासं झालं. मामांनी माझा खांदा इतका दाबला, की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं.

"नाक खाली ठेव, बाळा," ते म्हणाले. "घाई नको. नाक खाली."

ते वळलं.

धावपट्टीवर टेकलं, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं. मामा लहान मुलासारखे रडले. मीही रडले. संपलं एकदाचं, असं मनापासून वाटलं.

पण विमान थांबलं नाही.

हळूहळू आमच्याकडे आलं. स्क्रीनभर झालं. आमच्यासमोर उभं राहिलं, इंजिन चालूच.

आणि उजवीकडचं दार उघडलं.

डावी सीट रिकामी होती. उजवीही.

मामा खाली वाकले. मला वाटलं चक्कर आली. ते बुटाची नाडी बांधत होते.

"एकट्याची चक्कर झाली, की मास्तरला परत न्यायला यायचं असतं," ते म्हणाले. अगदी रोजचं बोलावं तसं.

मी भिंतीतला प्लग ओढून काढला.

मामांनी नाडीची गाठ पक्की केली. मग घरी गेले.

त्यानंतर मी गेम अनेकदा चालू केला. कुठलंही विमानतळ निवडा, विमान त्याच जागी उभं असतं. इंजिन चालू. दार उघडं. मी दार बंद केलं, ते उघडलं. दारच मॉडेलमधून काढून टाकलं, दुसऱ्या दिवशी ते परत होतं, उघडंच.

पुसून टाक, असं तुम्ही म्हणाल. मीही किती वेळा बटणावर बोट ठेवलं. पण त्यात कोणीतरी बसलंय हो. मास्तरची वाट बघत बसलंय. त्याला कसं पुसू?

मामा मात्र सुधारले. फिरायला जातात, पेपर वाचतात, मामीची थट्टा करतात. फक्त रोज संध्याकाळी मला फोन करतात आणि एकच विचारतात, "दार लागलं का गं?"

मी सांगते, लागलं.

आज सकाळी मामीचा फोन आला. आनंदात होती. मामांनी माळ्यावरून विमान उडवायचे जुने बूट काढले, पॉलिश केले आणि बाहेरच्या दाराशी नीट लावून ठेवले म्हणे. कुठे निघालात, असं तिने विचारलं.

तर म्हणाले, "पोरगं कधीचं खोळंबलंय."

आता संध्याकाळ होत आलीय. फोन समोर ठेवलाय आणि तो अजून वाजलेला नाही.