सातव्या वहीची जागा

प्राध्यापक इबोदुल्ला शेरमातोव यांचे कागद मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे आले. एक्केचाळीस खोकी. ट्रकवाल्याने ती जिन्यातच टाकली आणि निघून गेला. मग मी आणि वेरा किमने ती दोन दिवस तळघरात वाहिली. विद्यापीठाच्या अभिलेखागारात आम्ही दोघीच आहोत.

"एवढं लिहायला माणसाला वेळ कधी मिळतो?" वेरा धापा टाकत म्हणाली. "याला बायको नव्हती का?"

"होती. टायपिंग तीच करायची."

"मग बरोबर."

शरदात शेरमातोवांची जन्मशताब्दी होती. मोठ्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं, दारात अर्धपुतळा बसवायचा, काचेच्या कपाटांत त्यांचे कागद मांडायचे, असं ठरलं होतं. समितीचे अध्यक्ष होते आमचे प्र-कुलगुरू तुर्गुन सोलियेविच. तरुणपणी ते शेरमातोवांचे सहायक होते, त्यामुळे गुरुजींचं नाव घेताना त्यांचा आवाज भरून यायचा. माझा यायचा नाही. शेरमातोवांनी आयुष्याची चाळीस वर्षं एकाच गोष्टीवर घालवली होती: कपाशीची पानं वेळेआधी कशी गाळायची. सप्टेंबरात विमानाने औषध फवारायचं, बाराव्या दिवसापर्यंत पानं गळून पडायची, झाडावर नुसती बोंडं उरायची, आणि मग वेचणारे आत सोडायचे. या कामासाठी त्यांना दोन पदकं मिळाली. ताश्कंदमध्ये माझ्या वयाचं माणूस नाही ज्याला त्या औषधाचा वास आठवत नाही. कुजलेला कोबी आणि लसूण एकत्र केल्यासारखा. कपड्यांतून महिनाभर जायचा नाही.

सतराव्या खोक्यातून तोच वास आला.

"उंदीर मेलाय," वेरा म्हणाली.

उंदीर नव्हता. मेणकापडाच्या वेष्टनातल्या नऊ वह्या होत्या, शेतावरच्या निरीक्षणांच्या. चाळीस वर्षांत कागदाने वास धरून ठेवला असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि कामाला लागले. प्रत्येक वहीला नंबर, प्रत्येक कागदाला नंबर, शेवटी मजकुराचं चार ओळींत वर्णन. वर्णन खरं लिहायचं, एवढाच आमच्या धंद्याचा धर्म.

सातवी वही सप्टेंबर १९७९ची होती. थुंकी लावली की शाई होणाऱ्या जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेली. शेरमातोवांचं अक्षर एव्हाना मला पाठ झालं होतं. त्यांचा चारचा आकडा उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखा यायचा. वहीच्या सुरुवातीला शेताचा नकाशा होता आणि त्यात पंचवीस प्लॉट आखलेले होते. आत मात्र सव्वीस प्लॉटची निरीक्षणं होती. प्रत्येक प्लॉटमधल्या खुणेच्या रोपांची उंची, मग तिसरा दिवस, सहावा दिवस, बारावा दिवस: किती टक्के पानं गळली.

प्लॉट सव्वीस: खुणेची रोपं अठरा. उंची १५८, १६१, १५४.

मी पुन्हा वाचलं. आमच्याकडे कपाशी माझ्या कमरेच्या वर जात नाही.

अकरावी ओळ: १६३. शेरा: नाकातून रक्त, काम चालू.

माझी मोठी बहीण हुर्शिदा एकशे त्रेसष्ट होती. हे मला माहीत आहे, कारण व्हॉलीबॉलच्या संघात एकशे पासष्ट लागायची आणि ती घरभर त्या दोन सेंटीमीटरांच्या नावाने बोटं मोडत फिरायची. १९७९च्या सप्टेंबरात तिच्या कॉलेजच्या वर्गातल्या अठरा मुलींना कापूस वेचायला नेलं होतं. सगळ्यांनाच न्यायचे. त्या ओळीत वाकलेल्या असताना विमान वरून गेलं, एकदा नाही, तीनदा. त्या हात हलवत होत्या, ओरडत होत्या, आणि बांधावर झेंडा धरलेला माणूस विमानाला अजून जवळ बोलावत होता. हे तिनेच मला सांगितलं. आम्ही समजलो, चूक झाली असेल. मार्चमध्ये ती गेली. दवाखान्याने कावीळ लिहिलं. त्या अठरापैकी मला माहीत असलेल्या सहा जणी दोन वर्षांत गेल्या, सगळ्या काविळीनेच.

प्लॉट सव्विसाच्या खाली निष्कर्ष होता: फवारणीनंतर मजूर त्याच दिवशी आत सोडण्यास हरकत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक नव्हती ती. त्याने त्यांना मोजलं होतं. माझी बहीण वांत्या करत होती आणि हा माणूस पेन्सिलीला थुंकी लावून टक्केवारी काढत होता. त्याच्या नावाने आता सभागृह होणार होतं, आणि तिथे मुली बसणार होत्या.

मी फोनवर त्या कागदांचे फोटो काढले. घरी जाऊन बघते तर रकाने आखलेले दिसत होते आणि आत काही नव्हतं.

"जुनी पेन्सिल आहे," वेरा म्हणाली. "फ्लॅशमध्ये उडते." पण तिने तिच्या फोनवर काढलेले फोटोही तसेच आले, आणि ती खिडकीशी, उजेडात उभी होती. मग तिने विनोद करणं सोडलं.

म्हणजे पुरावा ती वहीच. मी माझा धर्म पाळला. यादीत लिहिलं: "वही ७. प्लॉट २६ मध्ये वनस्पती नसून अठरा विद्यार्थिनींवरील निरीक्षणे." यादी नियमाप्रमाणे समितीच्या अध्यक्षांकडे गेली. इतका गाढवपणा मी आयुष्यात केला नाही.

बारा जूनला, बुधवारी, तुर्गुन सोलियेविच स्वतः खाली आले. तळघरात ते याआधी कधीच आले नव्हते.

"सानोबरखान," ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही थकला आहात. काहीतरी भलतंच वाचलंत."

"दोम्ला," मी म्हटलं; प्राध्यापकांना आमच्याकडे असंच म्हणतात. "एकशे त्रेसष्ट सेंटीमीटरची कपाशी तुम्ही कुठे पाहिलीत? मलाही दाखवा. बी आणू."

"उपरोध नको. वही तज्ज्ञांकडे पाठवायची आहे. हे कुलगुरूंच्या सहीचं पत्र."

पत्र खरं होतं, शिक्कासुद्धा होता. मी उठले आणि कपाटातून करड्या पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. आमच्याकडून काही बाहेर गेलं की त्याच्या जागी हे कार्ड उभं करायचं: कोणी नेलं, कधी, कशासाठी. आम्ही त्याला बदली म्हणतो. वही परत येईपर्यंत तीच ती वही.

"सही करा," मी म्हटलं. "मंत्री आले तरी त्यांनाही करावी लागते."

त्यांनी झटक्यात सही केली. मग मी विचारलं, "झेंडा कोणी धरला होता, दोम्ला?"

ते वही काखेत घालून जिन्याकडे वळले होते. "मी पंचवीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "जिथे उभं राहा म्हणाले तिथे उभा राहिलो."

"त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्याही जिथे सांगितलं तिथेच उभ्या होत्या."

ते गेले. मी बदली कार्ड सहाव्या आणि आठव्या वहीच्या मध्ये उभं केलं.

शनिवारी आठवी वही काढताना कार्ड हाताला लागलं. सहीच्या खाली एक ओळ होती. जांभळी पेन्सिल.

प्लॉट २७. खुणेचं रोप एक. उंची १७४. तिसरा दिवस: २४ टक्के.

चारचा आकडा उलट्या खुर्चीसारखा होता.

"वेरा, ही थट्टा असेल तर फार वाईट आहे."

वेराने चष्मा लावून पाहिलं. "माझं अक्षर असं सुंदर असतं तर मी इथे तळघरात बसले असते का?" ती म्हणाली. मग वाकून कार्डाचा वास घेतला आणि मागे सरली. "किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

किल्ली माझ्याकडेच असते. मी ती ओळ बोटाने पुसून पाहिली. बोट जांभळं झालं, ओळ तशीच राहिली.

मंगळवारी सकाळी ओळ लांबली होती. सहावा दिवस: ६१ टक्के. त्या दोन फडताळांमध्ये वासाने उभं राहवत नव्हतं. दुपारी तुर्गुन सोलियेविच पुन्हा खाली आले, बिनटायचे, दाढी न केलेले.

"माझ्या अंगणातल्या वेलीवर कोणी काय फवारलं?"

"कुठली वेल?"

"द्राक्षाची! बापाने लावलेली. चाळीस वर्षं कधी रोग नाही. हिरवीगार पानं गळताहेत, देठापासून. आणि मी पीकतज्ज्ञ आहे, मला शिकवू नका. तो वास मी ओळखतो. तुम्ही माझ्या घरी आला होतात?"

"तुमचं घर कुठे आहे हेही मला ठाऊक नाही."

ते खुर्चीत बसले. दोन्ही हात त्यांनी टेबलावर ठेवले. मला त्यांची दया आली असती, पण मी त्यांच्या हातांकडे बघत होते आणि मला त्यात झेंडा दिसत होता.

"वही परत आणा, दोम्ला," मी म्हटलं. "त्यासोबत एका कागदावर लिहून द्या की सव्वीस नंबरचा प्लॉट म्हणजे माणसं होती. अठरा नावं मी देते. एवढंच. सभागृहाला हवं ते नाव द्या."

"वही नाही."

"म्हणजे?"

"जाळली. त्याच दिवशी. अंगणातल्या तंदुरात." ते माझ्याकडे बघत नव्हते. "कोणाचं भलं होणार होतं? त्या मुली परत येणार होत्या का?"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. वेरा म्हणते, मी त्यांना आधी माणूस म्हणाले आणि मग तो शब्द परत घेतला. चाळीस वर्षांनी हुर्शिदाचं नाव एका कागदावर खरं लिहिलं गेलं असतं, आणि या माणसाने तो कागद भाकरी भाजायच्या भट्टीत घातला. आता ती पुन्हा काविळीने मेलेली होती. बाकीच्या पाच जणीही.

ते निघून गेले. फडताळाकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि मी त्यांना कार्ड दाखवलं नाही. वेराने मला दोनदा विचारलं, दाखवायला नको का? मी म्हटलं, त्यांना वह्या आवडत नाहीत.

सोमवारी, चोवीस जूनला, मी सकाळी दार उघडल्याबरोबर आधी फडताळाशी गेले.

बारावा दिवस: ९४ टक्के.

वास गेला होता. पूर्णपणे. तळघरात धुतलेल्या फरशीचा वास येत होता.

त्या ओळीच्या शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात, अजून तीन शब्द होते. वेचणारे आत सोडावेत.

अकरा वाजता टेबलावरचा फोन वाजला. तुर्गुन सोलियेविचांच्या पत्नी होत्या, मुक्कद्दस ओपा, म्हणजे मुक्कद्दसताई. आवाजाने गोड, जरा घाईत.

"सानोबरखान ना? साहेबांच्या वहीत तुमचा नंबर सापडला. अहो, विद्यापीठातून मुली पाठवल्यात का तुम्ही?"

"कुठल्या मुली, ओपा?"

"दारात उभ्या आहेत सकाळपासून. सतरा-अठरा असतील. पायात रबरी गालोश, डोक्याला रुमाल, या उन्हात. विचारताहेत, सत्तावीस नंबर हाच का? आमचा नंबर तर नऊ आहे."

वेरा समोर बसली होती. फोनमधला आवाज तिला ऐकू येत होता. तिने मान हलवली: नाही म्हण.

"दोम्ला कुठे आहेत?" मी विचारलं.

"आत पडून आहेत. सकाळपासून तोंडाने काही बोलतच नाहीत."

मी नाही म्हणू शकले असते. पत्ता चुकलाय, त्यांना परत पाठवा, दाराला कडी लावा. जिभेवर आलंही होतं. मग मला तो तंदूर आठवला.

"हो, ओपा," मी म्हटलं. "तोच नंबर. त्यांना आत घ्या."

वेराने डोळे मिटले.

"आणि तुम्ही तिथे थांबू नका," मी घाईघाईने म्हटलं. "तुम्ही शेजारी जाऊन बसा. बाजारात जा. आत्ताच निघा, ओपा. ऐकताय ना?"

पलीकडून कापडाची सळसळ ऐकू आली, आणि बऱ्याच पावलांची.

"कशी जाऊ, बाई?" मुक्कद्दस ओपा म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळा होता, तरुण, कामात असलेल्या बाईसारखा. "हात कमी पडताहेत म्हणे. त्यांनी माझ्याही कमरेला वेचणीचं फडकं बांधलंय. ठेवते हं. माझी ओळ मागे पडतेय."